रविवारच्या खटपटीतून छोटा धंदा: नाशिकमध्ये मित्रांनी मिळून यंत्र विकायला काढताना

आम्ही तिघे मित्र. दोघे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरीला, तिसऱ्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा बागेतले मणी तडकतात. ते वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, ठिबकनं पाणी सोडावं लागतं. पण नेमकं कधी उठायचं हे कळणार कसं? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो तो रात्र उलटल्यावर. शिवाय थंड हवा जड असते, ती सखल जागी साचते. एकाच गावात माळावरची बाग आणि नदीकाठची बाग यांच्या तापमानात चांगला फरक पडतो. म्हणून मित्राच्या बागेसाठी आम्ही एक डबा तयार केला. ठरवलेल्या अंशाखाली पारा गेला की तो मालकाच्या मोबाईलवर फोन करतो, एवढंच त्याचं काम. पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं मागितला, मग शेजाऱ्याच्या साडूनं.

तुम्हीही मित्रांनी मिळून असं काही बनवलं असेल आणि लोक "किती घेणार याचे?" असं विचारू लागले असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आम्ही लोगो, नाव, कंपनी यांच्या मागे आधी लागलो आणि वर्ष घालवलं. खाली दिलेला क्रम आम्हाला उशिरा सापडला. यंत्र अनोळखी माणसाच्या हाती एक पूर्ण हंगाम टिकलं पाहिजे आणि मित्रांमधला हिशेब कागदावर आला पाहिजे. ही दोन कामं होईपर्यंत बाकी कशावरही मोठा खर्च करू नका.

१. आधी नोकरीचं नेमणूकपत्र काढून वाचा

कपाटातली फाईल काढा. बऱ्याच कंपन्यांच्या नेमणूकपत्रात दोन कलमं असतात: नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायचा नाही, आणि नोकरीच्या काळात केलेल्या शोधावर हक्क कंपनीचा. दुसरं कलम जास्त धोक्याचं. कंपनीचा लॅपटॉप, सोल्डरिंग स्टेशन, ऑसिलोस्कोप, ईमेल यांतलं काहीही या कामाला वापरू नका. आमच्यातल्या एकानं रीतसर पत्र देऊन परवानगी मागितली आणि ती लेखी मिळाली. दुसऱ्याला नाही मिळाली. त्यामुळे पहिली दोन वर्षं त्याचं नाव व्यवसायात नव्हतं, आणि मदत करण्याचा मोहही त्याला आवरावा लागला. गैरसोय झाली, पण नंतर भांडण उकरायला कुणाला जागा उरली नाही.

२. दहा नग करा आणि ओळखीबाहेरच्या माणसांना द्या

मित्राच्या शेतात चाललं म्हणजे चाललं असं नाही. मित्र वायर नीट लावून घेतो, बंद पडलं तर संध्याकाळी सांगतो, रागावत नाही. अनोळखी शेतकऱ्याला निम्म्या किमतीत द्या, पण पैसे घेऊनच द्या. फुकट दिलेल्या यंत्राबद्दल कुणी तक्रार करत नाही, आणि तुम्हाला तर तक्रारीच हव्या आहेत.

आमच्या पहिल्या दहा नगांनी जे शिकवलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमचं यंत्र वेगळं असलं तरी चुका याच जातीच्या असतील.

जानेवारीत एका रात्री दोन वाजता एका बागायतदाराला डब्याचा फोन आला. अख्खं घर उठलं, आजोबांसकट सगळे बागेत गेले, शेकोट्या पेटल्या. हवा बारा अंशांची होती. सकाळी जाऊन बघतो तर सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली. आम्ही डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर वापरतो. त्याचा संपर्क तुटला की त्याची प्रचलित लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) उणे १२७ हा आकडा परत देते, आणि आमच्या कोडनं तो खरा मानला. हाच सेन्सर वीज मिळाल्या मिळाल्या, पहिलं मोजमाप होण्याआधी, ८५ अंश दाखवतो. हे दोन्ही आकडे बिघाडाचे म्हणून वेगळे काढले पाहिजेत. आता वायर तुटली तर डबा फोन करत नाही, "वायर तपासा" असा मेसेज पाठवतो. त्या माणसाच्या घरी मी स्वतः जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाले, "चुकीचा वाजला तर पुढच्या वेळी खरा वाजला तरी आम्ही उठणार नाही." त्या वाक्यावरून आम्ही कोडचा अर्धा भाग नव्यानं लिहिला.

दुसरं, सेन्सर खरा आहे का. याच क्रमांकाचे नकली सेन्सर बाजारात भरपूर आहेत. आम्ही रसवंतीवरून बर्फ आणतो, बारीक ठेचून थर्मासमध्ये भरतो, थोडं पाणी घालतो आणि वीस-वीस सेन्सर एकत्र बांधून त्यात बुडवतो. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्य अंश असतं, त्यामुळे महागडं उपकरण लागत नाही. दहा मिनिटांनी ज्याचा आकडा अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकतो तो बाजूला काढतो. बाकीच्यांचा फरक चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या आत लावतो.

तिसरं, वीज. सिम८०० जातीचं टू-जी मॉड्यूल फोन लावताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. टेबलावर ॲडॉप्टरवर सगळं सुरळीत चालतं. शेतात बॅटरी थोडी उतरली की नेमका फोन लावतानाच डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो. मॉड्यूलच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर आणि जाड तारा लावल्यावर हा त्रास थांबला. बॅटरी घेतानाही डोळे उघडे ठेवा. १८६५० मापाच्या लिथियम सेलवर "९९०० एमएएच" छापलेलं दिसलं तर तो घेऊ नका. या मापाचा चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो, त्याच्या तिप्पट क्षमता त्यात बसतच नाही.

आणि नेटवर्क. जिओचं टू-जी जाळंच नाही, त्यामुळे टू-जी मॉड्यूलमध्ये जिओचं सिम चालत नाही. शेतकऱ्याच्या घरात सगळी सिम जिओची असली तर तुमचा डबा त्याच्या उपयोगाचा नाही. फोर-जी मॉड्यूल महाग पडतं, तरी नव्यानं सुरू करत असाल तर तेच घ्या. सिम शेतकऱ्याच्याच नावावरचं असू द्या. आपल्या नावावर वीस-पंचवीस सिम काढून वाटण्याच्या फंदात पडू नका.

शेवटचं, डबा. द्राक्षबागेत गंधक आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या होतात. दोन महिन्यांत आमच्या पितळी जोडांवर हिरवट थर चढला. आयपी६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा) तयार जंक्शन बॉक्स, वायर आत येते तिथे केबल ग्लँड म्हणजे घट्ट बसणारं बूच, तीही खालच्या बाजूनं, आणि सर्किटवर संरक्षक लेप, इतकं केल्यावर दुसऱ्या हंगामात एकही डबा गंजून परत आला नाही.

३. किंमत काढताना स्वतःची मजुरी धरा

पहिल्या वर्षी सुटे भाग १,२५० रुपयांचे होते. डबा १,८०० ला विकला आणि ५५० सुटले असं मानलं. वही लिहायला घेतली तेव्हा खरं चित्र समोर आलं. निफाडला जाऊन-येऊन ७५ ते ८० किलोमीटर पडतात आणि एका डब्यामागे सरासरी दोन फेऱ्या झाल्या होत्या. पेट्रोल, वाया गेलेले भाग, बदलून दिलेले दोन डबे, जोडणीचे तास यांतलं काहीच धरलं नव्हतं. शिवाय १८ टक्के जीएसटी लागू असता तर १,८०० मधले १,५२५ च हाती आले असते. शेतकऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी करासकट किंमत हीच किंमत.

माझा अनुभव असा की सुट्या भागांच्या अडीच ते तीन पट किंमत ठेवल्याशिवाय दुरुस्ती, दुकानदाराचं कमिशन आणि कर भागत नाहीत. एवढ्या किमतीला लोक घेत नसतील तर ते दहा नगांवरच कळलेलं बरं.

४. मित्रांमधलं सगळं लिहून काढा

हा भाग घाईत वाचू नका. आमचं यंत्र कधी अडलं नाही इतके आम्ही इथे अडलो.

आमच्यातला कोड लिहिणारा मित्र दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर पुण्याला नोकरी घेऊन गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, पगार चांगला होता आणि घरी बाळ यायचं होतं. पण कोडची शेवटची प्रत फक्त त्याच्या लॅपटॉपवर होती. तिसऱ्या मित्रानं घरच्यांकडून घेतलेले ४०,००० रुपये भागांत गुंतले होते, आणि ते उसने की भांडवल यावर कधी बोलणंच झालं नव्हतं. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. शेवटी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर बसून एका वहीत प्रश्न लिहिले आणि एकेकाचं उत्तर ठरवलं. ते प्रश्न असे होते:

कुणी किती पैसे घातले, आणि त्यातले परत द्यायचे कोणते, भांडवल कोणतं?
कोण आठवड्याला किती तास देणार? न दिल्यास काय?
हिस्सा किती? तो पहिल्या दिवशी पूर्ण मिळणार की चार वर्षांत थोडाथोडा पक्का होणार?
कुणी सोडून गेला तर त्याचा हिस्सा कोण घेणार, आणि किंमत कशी काढणार?
कोड, सर्किटचं डिझाइन, नाव, वेबसाइट आणि सगळे पासवर्ड कुणाच्या मालकीचे?
किती रकमेपर्यंतचा खर्च एकट्यानं ठरवायचा?

चार वर्षांत हिस्सा पक्का करण्याची पद्धत आम्हाला सगळ्यात न्याय्य वाटली. एक वर्ष पूर्ण करून सोडून गेलेल्याला चौथा भाग मिळतो, थांबलेल्याला पूर्ण. पुण्याला गेलेल्या मित्राचा हिस्सा असाच ठरला, आणि आजही तो रात्री फोनवर कोडमधली अडचण सोडवून देतो.

या उत्तरांवरून वकिलाकडून साधा करार करून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. दोस्तीत कागद कशाला, असं घरचे म्हणतील. आमच्या घरीही म्हणाले. पण त्या कागदामुळेच आमची दोस्ती टिकली असं मी मनापासून सांगतो.

५. कोणत्या रूपात धंदा करायचा ते ठरवा

दहा-वीस नगांपर्यंत एकाच्या नावावर प्रोप्रायटरशिप चालते. तिघांचा पैसा गुंतला की तीन पर्याय उरतात.

भागीदारी संस्था १९३२ च्या कायद्याखाली येते. नोंदणी सक्तीची नाही, आणि इथेच लोक फसतात. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेली संस्था येणं वसूल करायला बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. शिवाय देणं झालं तर ते भागीदारांच्या घरादारापर्यंत पोचतं.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, २००८ च्या कायद्यानं आली. किमान दोन भागीदार लागतात आणि जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहते. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर जात नाही तोवर कायद्यानं ऑडिट लागत नाही. आम्ही हीच निवडली. विजेचं यंत्र लोकांच्या बागेत ठेवायचं तर स्वतःचं घर त्या जोखमीत नसावं, असं आम्हाला वाटलं. सापळा एकच: वर्षभरात एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी फॉर्म ११ हा ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ हा ३० ऑक्टोबरपर्यंत भरावाच लागतो. उशीर झाला की दंड चढत जातो. भागीदारीचा करार नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करायचा असतो, तेही विसरू नका.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बाहेरचा गुंतवणूकदार येणार असेल तरच करा. पहिल्या वर्षापासून ऑडिट आणि बैठकांचे कागद मागे लागतात.

६. कागदपत्रं गोळा करा

एका फाईलमध्ये आणि फोनमध्ये पीडीएफ करून ठेवा:

प्रत्येक भागीदाराचं पॅन, आधार आणि फोटो (आधारला मोबाईल जोडलेला हवा, नाहीतर प्रत्येक ओटीपीला अडाल)
जागेचं ताजं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती
जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर भाडेकरार किंवा मालकाचं संमतिपत्र, वडिलांचं घर असलं तरीसुद्धा
एलएलपी करार किंवा भागीदारी करार
एलएलपीसाठी डिजिटल सही
संस्थेच्या नावाचं पॅन, आणि चालू खात्याचा रद्द केलेला धनादेश

उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. कागद चढवावे लागत नाहीत, आधार-पॅनवर काम होतं. शोधायला गेलात तर सरकारी वाटणाऱ्या कितीतरी वेबसाइट दोन-तीन हजार मागतात, त्यांच्यावर जाऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, म्हणजे आपण त्यात आरामात बसतो.

जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची आहे. आम्ही निश्चिंत होतो. मग कर्नाटकातल्या विजयपूरच्या एका बागायतदारानं पाच डबे मागितले. दुसऱ्या राज्यात वस्तू विकायची तर पहिल्या नगापासूनच नोंदणी लागते. सांगली-सोलापूरला हा प्रश्न येत नाही, सीमा ओलांडली की येतो. निर्माता म्हणून एक टक्क्याची कंपोझिशन योजनाही आहे, म्हणजे उलाढालीवर ठोक कर. गिऱ्हाईक शेतकरीच असेल तर ती मोहात पाडते, पण त्यात राज्याबाहेर विक्री करता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही जाते. आपल्या सीएपुढे दोन्ही हिशेब मांडून मग ठरवा.

नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ९ (इलेक्ट्रॉनिक उपकरणं) मध्ये करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये, इतरांना ९,००० पडतं. उद्यम प्रमाणपत्राचा पहिला रोख फायदा आम्हाला इथे झाला. परदेशातून भाग मागवणार असाल तर आयात-निर्यात कोड काढा, शुल्क ५०० रुपये.

कर्ज-अनुदानाबद्दल एकच सांगतो. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) योजनेत उत्पादनाच्या ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला गटानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण ते फक्त नव्या उद्योगाला मिळतं. धंदा सुरू करून मग चौकशीला गेलात तर उशीर झालेला असतो. पन्नास नगांच्या तयारीला लागण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा.

७. परवान्यांची यादी यंत्र डिझाइन करतानाच बघा

यंत्र पूर्ण झाल्यावर परवाना बघायला गेलात तर सर्किटच बदलायची वेळ येते.

बिनतारी भाग असेल तर वारंवारता तपासा. लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) बाजारात ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झ अशी मिळतात. आपल्याकडे शेतात लांबवर वापरायचा विनापरवाना पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. ९१५ चं मॉड्यूल स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका. विनापरवाना पट्ट्यातल्या यंत्रालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन) शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मान्यता लागते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. मॉड्यूल घेतानाच विक्रेत्याकडे त्याचं ईटीए प्रमाणपत्र मागा. देत नसेल तर दुसरीकडे जा. सिम असलेली यंत्रं टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या) सक्तीच्या तपासणीत येऊ शकतात, म्हणून तुमचा प्रकार त्या यादीत आहे का ते पैसे घालण्याआधी बघा.

ॲडॉप्टर आणि लिथियम सेल बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात. स्वतःचा ॲडॉप्टर बनवू नका. नोंदणी असलेला विकत घ्या आणि त्यावरचा आर-क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

खोक्यावर निर्मात्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नगसंख्या, निर्मितीचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. हे २०११ च्या वैध मापन नियमांत आहे, आणि पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणीही करायची असते. सुरुवातीला आम्ही साध्या पांढऱ्या खोक्यात माल देत होतो. एका कृषी सेवा केंद्राच्या मालकानं तो दुकानात ठेवायलाच नकार दिला, तेव्हा हा नियम कळला.

ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांतून सूक्ष्म उद्योगांना सूट आहे. बॅटरी कचऱ्याचे नियम वेगळे आहेत, बॅटरीसह यंत्र विकत असाल तर ते सल्लागाराला स्वतंत्रपणे विचारा.

८. पहिले पन्नास नग नाशिकमध्ये कसे करायचे

सुटे भाग दहा-वीस लागतात तोवर एम. जी. रोडवर किंवा ऑनलाइन घ्या. पन्नासच्या पुढे एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन या, पहाटेची गाडी पकडली तर एका दिवसात होतं. सगळा माल एकाच खेपेतला घ्या आणि दोन-चार नग तिथेच तपासा.

प्लॅस्टिकच्या डब्यासाठी साचा करू नका. सातपूर-अंबडला उत्तम साचे करणारे कारागीर आहेत, म्हणूनच मोह होतो. पण साच्याचा खर्च लाखांत जातो आणि पहिल्या हंगामानंतर डब्याचा आकार हमखास बदलतो. आमचा दोनदा बदलला. तयार जंक्शन बॉक्सला भोकं पाडून आणि छापील स्टिकर लावून तीनशे नगांपर्यंत निभतं.

ओळखी नसतील तर सातपूरला निमा आणि अंबडला आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. कुणाकडे पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) भाग बसवण्याचं जॉबवर्क होतं, कोण लहान ऑर्डर घेतं, हे तिथे एका चहात कळतं. अंबडचं नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरही बघून या. जॉबवर्कला माल देताना डिलिव्हरी चलन करा आणि नग मोजून सही घ्या. आमचे अकरा मॉड्यूल एका ठिकाणी "आलेच नव्हते" ठरले, कारण कागद नव्हता.

९. हंगाम आणि उधारी आधीच मांडून ठेवा

आमचं वर्ष द्राक्षावर चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, डिसेंबर-जानेवारीत थंडी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणी. डबा विकला जातो तो दिवाळीच्या आसपास, आणि तेव्हा शेतकऱ्याचा पैसा औषधा-खतांत गुंतलेला असतो. त्याच्या हाती पैसे येतात माल गेल्यावर. म्हणजे आपण भागांवर जुलैमध्ये पैसे घालतो आणि काही रक्कम मार्च-एप्रिलमध्ये परत येते. आठ-नऊ महिने हा पैसा बाहेर राहील असं धरूनच किती नग करायचे ते ठरवा. पहिल्या वर्षी मागणी शंभराची होती, आम्ही चाळीसच केले. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

तुमचं यंत्र कांदाचाळीसाठी असेल, शाळांसाठी असेल, दुकानांसाठी असेल, तर त्याचंही असं वर्ष असणार. भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावा आणि पैसा कधी जातो, कधी येतो ते दोन रंगांत लिहा.

कृषी सेवा केंद्रातून विकायचं तर कमिशन आणि पैसे देण्याची तारीख आधी लेखी ठरवा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं २००६ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्याहून उशिरा दिले तर आयकरात त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, फक्त प्रत्यक्ष पैसे दिल्यावर मिळते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. भांडावं लागत नाही, दुकानदाराचा सीए स्वतःच त्याला आठवण करतो.

नोव्हेंबरच्या सुमारास कृषीथॉन प्रदर्शन भरतं. स्टॉल घ्यायच्या आधी एक वर्ष नुसते प्रेक्षक म्हणून जा आणि लोक कुठल्या स्टॉलवर थांबतात, काय विचारतात ते ऐका. आमच्या स्टॉलवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "बंद पडलं तर कोण येणार?"

१०. विकल्यावरचं काम

प्रत्येक डब्याला क्रमांक द्या. एका वहीत किंवा शीटमध्ये क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, गाव, विक्रीची तारीख, सेन्सरचा बर्फातला आकडा आणि कोडची आवृत्ती लिहा. फोन आला की आधी क्रमांक विचारा. निम्म्या तक्रारी वहीत बघूनच उलगडतात, कारण त्याच खेपेतल्या दुसऱ्या डब्याला तोच त्रास झालेला असतो.

तक्रारीचा फोन कुणी कधी घ्यायचा ते वाटून घ्या. थंडीच्या दिवसांत आमचा फोन रात्री अकरा ते सकाळी सातपर्यंत चालू असतो. पाळ्या लावल्या आहेत आणि ज्याची पाळी असेल तो दुसऱ्या दिवशी नोकरीवर दोन तास उशिरा जातो, तशी परवानगी घेतलेली आहे. हंगामात दुरुस्ती करत बसू नका. चालू डबा घेऊन जा, बदलून द्या, बिघडलेला घरी आणून उघडा. त्यासाठी दर वीस डब्यांमागे दोन जास्तीचे तयार ठेवतो. हमी एक वर्षाची देतो, आणि उंदीर, ट्रॅक्टर, वीज पडणं या गोष्टी हमीत येत नाहीत हे मराठीत, मोठ्या अक्षरात कार्डावर छापलं आहे. इंग्रजी कार्ड कुणी वाचत नव्हतं.

एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या सुमारास, डबे गोळा करायला गावोगाव जातो. बॅटरी काढतो, जोड पुसतो, सेन्सर पुन्हा बर्फात बुडवतो आणि नवा आकडा जुन्या चिकटपट्टीशेजारी लिहितो. ज्याचा फरक वाढलेला दिसतो तो सेन्सर तिथेच बदलतो. सप्टेंबरमध्ये डबा परत नेऊन देताना शेतकऱ्यासमोर थर्मास उघडून त्यात सेन्सर बुडवतो, त्याच्या मोबाईलवर फोन वाजवून दाखवतो, आणि मगच वहीत त्याची सही घेतो.